कोणतेही कारण न देता

दिवाळीच्या अंकात टेंडरांची कथा कशाला, असे कोणी विचारील. चकलीचा तुकडा मोडून अंक उघडावा आणि आतून सरकारी निविदा निघाव्यात, हे काही शुभलक्षण नव्हे. पण माझी उभी हयात मोहोरबंद लखोटे फोडण्यात गेली. ज्याने जे आयुष्यभर केले तेच त्याला सांगता येते. शिवाय ही कथा केवळ टेंडरांची नाही. सरकारला ‘का?’ असे विचारण्याचा अधिकार सामान्य माणसाला कसा मिळाला, त्याची ही कथा आहे.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, एका सरकारी कार्यालयात, मी कारकून म्हणून लागलो ते १९७२ च्या दुष्काळानंतर. टेंडरे उघडली की त्यांचा तुलनात्मक तक्ता करणे हे माझे काम. उभ्या रकान्यांत गुत्तेदारांची नावे, आडव्या ओळींत त्यांचे दर. अक्षर चांगले असल्यामुळे हा मान मला मिळाला होता. एकदा एका लहानशा पुलाच्या कामासाठी सगळ्यांत कमी दर एका नवख्या गुत्तेदाराचा निघाला. कागदपत्रे पुरी होती. अनामत रक्कम भरली होती; त्यासाठी त्यांनी घरातल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या, हे मला मागाहून कळले. तक्त्यात त्यांचे नाव पहिले लिहिणारा मीच. काम मात्र दुसऱ्यालाच मिळाले.

चार दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही. एवढेच म्हणाले, “साहेब, काम नका देऊ. पण कारण तरी सांगा.” मी जाहिरातीचे कात्रण काढून शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ती ओळ वाचकांनी वर्तमानपत्रांत शेकडो वेळा पाहिली असेल : ‘कोणतेही कारण न देता कोणतीही निविदा स्वीकारण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात आला आहे.’ त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, टोपी सारखी केली आणि ते निघून गेले. कारण मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, आणि त्या ओळीने मला ते धैर्य दाखवण्याच्या कर्तव्यातूनच मुक्त केले होते.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. गेल्या उन्हाळ्यात भाच्याकडे लंडनला गेलो तेव्हा ती पुन्हा उसळून वर आली. भाचा तिथे एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर आहे. एका संध्याकाळी तो जेवताना म्हणाला, “मामा, आमचं टेंडर गेलं. आता आमची माणसं बॅरिस्टरकडे जाणार आहेत.” मी चमकून विचारले, “टेंडर गेल्यावर बॅरिस्टर काय करणार?” तो हसला. “इथे नुसत्या या कामावर जगणारे बॅरिस्टर आहेत. उद्या तुम्हांला त्यांचा वाडा दाखवतो.”

त्याने दाखवलेला वाडा म्हणजे ग्रेज इन. लंडनमध्ये बॅरिस्टर घडवणाऱ्या चार जुन्या संस्था आहेत : लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. आपल्याकडे ‘विलायतेस जाऊन बॅरिस्टर होणे’ म्हणत, ते यांपैकीच एकीच्या पंगतीत बसून. गांधीजी इनर टेंपलचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली प्रवेश घेतला तो ग्रेज इनमध्ये. बाहेर हायहोबर्न रस्त्यावर मोटारींचा गदारोळ. आणि एका कमानीखालून आत शिरले की आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या चौकात यावे तशी शांतता. मोठे हिरवे आवार, म्हाताऱ्या झाडांच्या रांगा, आणि पश्चिमेच्या कडेला विटांच्या इमारतींची एक सरळ ओळ. तिचे नाव रेमंड बिल्डिंग्ज. बांधणी १८२५ ची. याच ओळीतल्या एका घरात, एका वकिलाच्या कचेरीत, पोरगेला चार्ल्स डिकन्स कारकुनी करीत होता. कारकुनाचे नाव कुठे निघाले की मला बरे वाटते!

आज या ओळीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या घरांत मंक्टन चेंबर्स नावाचे बॅरिस्टरांचे बिऱ्हाड आहे. बिऱ्हाड हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण चेंबर्स म्हणजे कंपनी नव्हे आणि भागीदारीही नव्हे. प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र; ज्याची त्याची कमाई ज्याला त्याला. जागेचे भाडे, ग्रंथालय आणि कारकून मात्र सामाईक. हा कारकून साधा नव्हे. कोणते काम कोणाकडे जायचे आणि त्याची फी किती, हे तो ठरवतो. मोठमोठे बॅरिस्टर त्याला वचकून असतात म्हणे! अशील थेट बॅरिस्टरकडे सहसा जात नाही. मध्ये सॉलिसिटर लागतो. मुंबईच्या हायकोर्टात पूर्वी अशीच दुहेरी पद्धत होती, ती जुन्या वाचकांना आठवत असेल. आणि गंमत अशी की एकाच बिऱ्हाडातले दोघे बॅरिस्टर एकाच खटल्यात परस्परांविरुद्ध उभे राहू शकतात. सकाळी एकाच जिन्याने उतरायचे, कोर्टात भांडायचे, आणि संध्याकाळी त्याच जिन्याने वर जायचे.

सरकारी खरेदीच्या कायद्यात नाव कमावलेली अशी काही बिऱ्हाडे लंडनमध्ये आहेत. परंतु या विद्येला स्वतंत्र विद्या म्हणून मान मिळाला तो अलीकडेच. त्याआधी तिथेही आमच्या जाहिरातीतल्या त्या ओळीचेच राज्य होते.

सतराव्या शतकातले उदाहरण पाहा. सॅम्युएल पीप्स हा इंग्रजी आरमाराच्या खरेदीखात्यातला बडा अंमलदार. त्याची रोजनिशी जगप्रसिद्ध आहे. १६६३ च्या एप्रिलात जहाजे भाड्याने घेण्याच्या कामावरून एका कप्तानाने त्याला लखोटा दिला. पीप्सने तो घरी येऊन उघडला, पण आत डोकावण्याआधी पैसे झटकून बाहेर पाडले. म्हणजे पुढे कोणी विचारलेच, तर ‘कागदात मी पैसे पाहिले नाहीत’ असे शपथेवर सांगता यावे! पुढच्या वर्षी लाकडाच्या एका बड्या व्यापाऱ्याने त्याच्या बायकोसाठी हातमोज्यांचा जोड दिला. पुडके जरा जड लागले. आत मोज्यांबरोबर चाळीस सोन्याची नाणी होती. पीप्स काही राक्षस नव्हता. तो कष्टाळू होता, राजाचा पैसा वाचवणारा होता, आणि तरीही त्याने ते मोजे परत केले नाहीत. त्याला विचारणारे कोण होते?

कोर्टही विचारीत नव्हते. १८७० साली ‘स्पेन्सर विरुद्ध हार्डिंग’ या खटल्यात एका व्यापाऱ्याचा माल निविदा मागवून विकायचा होता. सर्वांत चढा दर देणाऱ्याला माल मिळाला नाही, म्हणून तो कोर्टात गेला. न्यायाधीशांनी सांगितले की निविदा मागवणे हे वचन नव्हे. ती नुसती विचारणा आहे. खाजगी व्यापाऱ्याच्या बाबतीत हे ठीकच आहे. माझ्या वाड्याला रंग कोणाकडून द्यायचा हे मी शेजाऱ्याला का सांगू? परंतु सरकारचा वाडा सरकारचा नसतो. त्याच्या प्रत्येक विटेचे पैसे कोणीतरी दिलेले असतात. हा साधा भेद कायद्याच्या पचनी पडायला पुढची शंभर वर्षे लागली.

त्या भेदाला पहिली वाट करून दिली ती एका टपालपेटीने. ब्लॅकपूल हे इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हवा खाण्याचे गाव. तिथल्या नगरपालिकेच्या विमानतळावरून हौशी प्रवाशांना आकाशात फेरी मारून आणण्याचा मक्ता एका स्थानिक विमान क्लबाकडे होता. १९८३ साली नव्या मक्त्यासाठी निविदा मागवल्या. मुदत १७ मार्चला दुपारी बारापर्यंत. क्लबाच्या माणसाने सकाळी अकराच्या सुमारास नगरपालिकेच्या टपालपेटीत लखोटा टाकला. पेटी रोज बाराला रिकामी होते, अशी त्यावर पाटी होती. त्या दिवशी ती कोणी रिकामी केलीच नाही. लखोटा दुसऱ्या दिवशी निघाला, त्यावर ‘उशिरा आला’ असा शेरा पडला, आणि मक्ता दुसऱ्याला गेला.

वाचकहो, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. अशी पेटी मी स्वतः वर्षानुवर्षे उघडली आहे. क्लब कोर्टात गेला आणि १९९० साली अपील कोर्टाने क्लबाच्या बाजूने निकाल दिला. काम त्यालाच द्या, असे कोर्ट म्हणाले नाही. पण वेळेत आणि नियमाप्रमाणे आलेला लखोटा निदान उघडून पाहण्याचे वचन निविदा मागवणाऱ्याने न बोलता दिलेलेच असते, असे ते म्हणाले. मिळाले ते एवढेसेच. पण बंद दाराला पडलेली ती फट होती.

दार सताड उघडले ते युरोपातून आलेल्या वाऱ्याने. १९५७ च्या रोमच्या तहाने युरोपातल्या सहा देशांनी एक बाजारपेठ करण्याचे ठरवले. पुढे त्यांच्या ध्यानात आले की जकात उठवली तरी प्रत्येक सरकार आपली कामे आपल्याच माणसांना देते. मग बाजारपेठ एक कसली? म्हणून १९७१ साली बांधकामांसाठी आणि १९७७ साली मालाच्या खरेदीसाठी नियम झाले : जाहिरात सर्व देशांत द्या, निकष आधी सांगा, सर्वांना समान वागवा. ब्रिटन १९७३ साली त्या मेळाव्यात आला. तरीही नियम कागदावरच राहत, कारण ते मोडल्यावर दाद मागण्याची सोय नव्हती. ती सोय १९८९ च्या नियमांनी झाली, आणि १९९१ पासून ती इंग्लंडच्या कायद्यात उतरली. हरलेल्या गुत्तेदाराला कोर्टाचे दार मिळाले.

या दाराशी तीन वाटांनी बॅरिस्टर येऊन उभे राहिले. पहिली वाट इमारतीच्या करारांची. डोनाल्ड कीटिंग या बॅरिस्टराने १९५५ साली बांधकामाच्या करारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचे कीटिंग चेंबर्स आज एसेक्स स्ट्रीटवर आहे. दुसरी वाट सरकार आणि नगरपालिका यांच्या कारभाराच्या कायद्याची. १९८१ साली डेरी अर्व्हिन यांनी टेंपलमध्ये स्थापन केलेले किंग्ज बेंच वॉकचे अकरा क्रमांकाचे बिऱ्हाड त्या वाटेवरचे. टोनी ब्लेअर राजकारणात जाण्यापूर्वी तिथेच वकिली करीत होते. तिसरी वाट युरोपीय कायद्याची, आणि तिच्यावरचे ठळक नाव म्हणजे रेमंड बिल्डिंग्जमधले मंक्टन.

दारावरचे हे नाव वाचून मी थबकलो. भाच्याला कळेना की मामा असे खांबासारखे का उभे राहिले. मराठवाड्यात माझ्या वडिलांच्या पिढीला हे नाव चांगले ठाऊक होते. सर वॉल्टर मंक्टन म्हणजे १९३६ साली आठव्या एडवर्डला राज्यत्यागाच्या वेळी सल्ला देणारे बॅरिस्टर. आणि तेच निजामाचे घटनाविषयक सल्लागारही होते. हैदराबाद भारतात विलीन होऊ नये म्हणून ज्या वाटाघाटी चालल्या, त्यांत निजामाच्या बाजूला त्यांची बुद्धी होती. त्यातून २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे करार’ झाला. करार एक वर्षाचा. पण त्या काळात रझाकारांनी आमच्या भागात काय केले, ते सांगताना वडिलांचा आवाज बदलत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते सारे संपले. आमच्या घरात ‘जैसे थे’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई.

आणि आता पाहा इतिहासाची थट्टा. ज्या चेंबर्सला मंक्टन यांचे नाव आहे, तिथल्या बॅरिस्टरांचे आजचे एक मोठे शस्त्र म्हणजे ‘जैसे थे’ हेच! ऑस्ट्रियात हमरस्त्यांवरच्या यंत्रणेचे एक काम सरकारने १९९६ साली एका कंपनीला दिले आणि त्याच दिवशी करारावर सही केली. बाकीच्यांना बातमी कळली ती वर्तमानपत्रातून. दाद मागायची तर काम गेलेले. युरोपीय न्यायालयाने १९९९ च्या ऑक्टोबरात सांगितले की निर्णय आणि सही यांच्यामध्ये दाद मागता येईल एवढी जागा असलीच पाहिजे. त्यातून स्थगितीची मुदत जन्मली. आज ब्रिटनमध्ये निर्णय कळवल्यावर कामाचे आठ दिवस सरकारने सही न करता स्वस्थ बसायचे. त्या मुदतीत हरलेल्याने दावा लावून तसे कळवले तर कोर्ट मोकळीक देईपर्यंत सही आपोआप थांबते. म्हणजे जैसे थे! एका ‘जैसे थे’ने जुलमाला वर्षभर मुदत दिली, दुसऱ्या ‘जैसे थे’ने लहान माणसाला आठ दिवसांची दिली. शब्दाला स्वतःची जात नसते. त्याच्या आडोशाला कोण उभे आहे ते पाहावे.

त्याच १९९९ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये दुसरा निकाल लागला. पार्लमेंटसमोर, बिग बेनच्या पलीकडे, सभासदांच्या कचेऱ्यांसाठी पोर्टकलिस हाउस नावाची मोठी इमारत उभी राहत होती. तिच्या दर्शनी भागाच्या खिडक्यांच्या कामासाठी हार्मन कंपनीचा दर सर्वांत कमी होता. हार्मन अमेरिकन कुळातली. काम गेले ते जिच्यात ब्रिटिश भागीदार होता अशा जोडीला. हार्मनने दावा लावला तो थेट कॉमन्स सभेच्या कारभाऱ्यावर. न्यायाधीशांनी सर्व कागद उलगडले आणि निकाल दिला की सभेच्या बाजूने समान वागणुकीचा नियम मोडला गेला. एवढेच नव्हे, तर अधिकाराचा गैरवापर झाला. जिथे कायदे होतात त्या सभेलाच आपल्या खिडक्यांच्या कामात कायदा मोडल्याबद्दल भरपाई देण्याची पाळी आली. मी ती इमारत पाहायला गेलो. ती २००१ साली खुली झाली. खिडक्या सुंदर आहेत. मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो आणि मला आमचा तो लहानसा पूल आठवला.

इंग्रजांचे कौतुक ऐकून वाचकांना वाटेल की आपल्याकडे अंधारच होता. तसे नाही. उलट या एका बाबतीत आपले कोर्ट अपील कोर्टाच्या त्या टपालपेटीच्या निकालाहून अकरा वर्षे पुढे होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहाराची दुकाने चालवण्यासाठी निविदा मागवल्या होत्या. अट अशी की निविदा भरणारा नोंदलेला दुसऱ्या वर्गाचा हॉटेलवाला असावा आणि त्याला पाच वर्षांचा अनुभव असावा. ज्याला मक्ता मिळाला तो ही अट पुरी करीत नव्हता. ‘रमण दयाराम शेट्टी’ या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात १९७९ साली न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की सरकार खाजगी माणसासारखे मर्जीने देणे-घेणे करू शकत नाही. आपण घालून दिलेली अट त्यालाही बांधते. आधार होता राज्यघटनेतल्या चौदाव्या कलमाचा, म्हणजे कायद्यापुढच्या समानतेचा. ज्या मसुदा समितीने ते कलम सिद्ध केले तिचे अध्यक्ष ग्रेज इनमध्ये शिकलेले होते, हे मी रेमंड बिल्डिंग्जसमोर उभा असताना मला कोणी सांगावे लागले नाही.

पण त्या शेट्टींना स्वतःला काहीच मिळाले नाही. त्यांनी कोर्टात यायला उशीर केला, तोवर मक्तेदाराने पैसे खर्चून दुकाने थाटली होती, असे म्हणून कोर्टाने मक्ता मोडला नाही. तत्त्व देशाला मिळाले, हात मात्र रिकामे राहिले.

रिकाम्या हातांची ही तक्रार लंडनलाही चुकलेली नाही. करोनाच्या साथीत सरकारने डॉक्टर-परिचारिकांच्या संरक्षक पोशाखांची खरेदी घाईने केली, तेव्हा मंत्री आणि खासदार यांच्या ओळखीने आलेल्यांसाठी एक वेगळी रांग ठेवली होती. २०२२ च्या जानेवारीत हायकोर्टाने ही वेगळी रांग बेकायदेशीर ठरवली. पण ती कंत्राटे बहुधा एरवीही मिळालीच असती, असेही म्हटले. आणि खर्च? या बॅरिस्टरांची फी ऐकून भाच्याच्या कंपनीचे मालकही क्षणभर गप्प झाले होते. लहान गुत्तेदाराने पाटल्या गहाण टाकून अनामत भरावी. बॅरिस्टरसाठी मग काय गहाण टाकावे? ब्रिटनमध्ये सरकारी खरेदी वर्षाला शेकडो अब्ज पौंडांची आहे. एवढ्या मोठ्या गंगेच्या काठी घाट बांधले गेले, हे खरे. पण त्यांच्या पायऱ्या अजून उंच आहेत.

तरीही घाट आहे हे काही थोडे नाही. ब्रिटन युरोपीय संघातून २०२० साली बाहेर पडला, तेव्हा वाटले की हे नियमही जातील. ते गेले नाहीत. नवा कायदा २०२३ साली झाला आणि २४ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला. त्यातही हरलेल्याला त्याच्या निविदेचे मूल्यमापन लिहून द्यावेच लागते. ‘कोणतेही कारण न देता’ ही भाषा तिथे आता चालत नाही.

निघण्यापूर्वी आम्ही ग्रेज इनच्या बागेत बाकावर बसलो. दुपारी ती बाग लोकांना खुली असते. या बागेची आखणी केली फ्रान्सिस बेकनने. मोठा तत्त्वज्ञ, देशाचा सर्वोच्च न्यायाधिकारी. आणि १६२१ साली याच बेकनने लाच घेतल्याचे कबूल केले, चाळीस हजार पौंडांचा दंड आणि तुरुंग पत्करला. त्याने आखलेल्या वाटांवरून आज सरकारी खरेदीतला पक्षपात शोधणारे बॅरिस्टर डबा खाऊन शतपावली करतात. भाचा म्हणाला, “मामा, एवढा विचार कसला करताय?” मी म्हणालो, “काही नाही. एका माणसाला द्यायचं उत्तर राहून गेलं होतं, ते जुळवतोय.”

ते गुत्तेदार आज हयात असतील की नाही, मला माहीत नाही. असतील तर हा अंक त्यांच्या घरी जावा, अशी इच्छा आहे. त्या दिवशी मी जाहिरातीतल्या ओळीवर बोट ठेवले, ते चुकले. सांगायला हवे होते ते असे : दादा, ती ओळ छापलेली आहे, पण ती शेवटची नाही. कारण मागा. लेखी मागा. आणि उशीर करू नका.